हा फोल्डर वर नेऊ नका

क्लाउड कंपन्यांकडे माझं मागणं फार मोठं नाही. कॉम्प्युटरवरच्या एखाद्या फोल्डरवर राइट-क्लिक करावं, तिथे 'हा वर पाठवू नका' असा पर्याय दिसावा, तो दाबावा आणि विषय मिटावा. फोल्डर माझ्या डिस्कवर जिथे आहे तिथेच राहावा. मागणं इतकं किरकोळ आहे, की ते इतकी वर्षं पुरं होत नाही याचं कारण अज्ञान किंवा अडचण असू शकत नाही. त्यांना ते पुरं करायचंच नाही.

आता कुणी शहाणा म्हणेल, सोय आहे की! मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्ह या क्लाउड-सेवेच्या सेटिंग्जमध्ये जा, 'चूज फोल्डर्स' दाबा, नको त्या फोल्डरसमोरची टिक काढा. काढून बघा. फोल्डर तुमच्या कॉम्प्युटरवरून जातो आणि त्यांच्या सर्व्हरवर मात्र शाबूत राहतो. म्हणजे घर बदलताना टेम्पोवाल्याला सांगावं, 'बाबा, हे कपाट इथेच राहू दे,' आणि त्याने नेमकं तेच कपाट आधी टेम्पोत चढवावं, वर 'तुम्हाला इथे नको होतं ना?' असं विचारावं. काय खाली उतरवायचं ते ठरवायची मुभा तुम्हाला आहे. काय वर चढवायचं ते ठरवायची नाही.

बरं, वर चढवण्याआधी विचारतात तरी का? विंडोज 11 नव्याने बसवताना मायक्रोसॉफ्टचं खातं जोडलं, की डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स हे फोल्डर न विचारताच वनड्राइव्हच्या ताब्यात जातात, अशा बातम्या 2024 साली आल्या होत्या. आपल्याकडच्या माणसाचा अख्खा संसार डेस्कटॉपवर असतो. लग्नाचे फोटो, सातबाऱ्याचं स्कॅन, सोसायटीच्या मीटिंगचं इतिवृत्त, मुलीचा बायोडेटा, 'न्यू फोल्डर', 'न्यू फोल्डर 2' आणि 'न्यू फोल्डर फायनल'. हे सगळं फुकटच्या 5 जीबीत कोंबलं जातं. मग लाल पट्टी येते: स्टोरेज संपत आलं, प्लॅन घ्या. या वर नेण्याला ते 'बॅकअप' म्हणतात. घाबरून कुणी तो बंद केला, तर अनेकांना डेस्कटॉप रिकामा दिसलेला आहे आणि त्यावर एकच शॉर्टकट उरलेला: 'व्हेअर आर माय फाइल्स'. माझ्या फायली कुठे आहेत? हा प्रश्न मालकाने विचारायचा असतो. इथे ज्याने उचलून नेल्या तोच त्याची पाटी लावून मोकळा होतो.

हा 5 जीबीचा आकडाही आकाशातून पडलेला नाही. आधी 15 जीबी फुकट मिळत होते. नोव्हेंबर 2015 मध्ये मायक्रोसॉफ्टने ते 5 वर आणायचं जाहीर केलं, पैसे भरणाऱ्यांना दिलेली 'अमर्याद' जागाही काढून घेतली, आणि कारण म्हणून काही जण 75 टेराबाइटपर्यंत साठवतात, असं सांगितलं. 75 टेराबाइटवाल्याचं पाप 5 जीबीवाल्याच्या माथी! पुढे 2023 पासून आउटलुकच्या मेलमधल्या अटॅचमेंटही त्याच कोट्यात मोजायला सुरुवात झाली. त्यामुळे डेस्कटॉपवरच्या लग्नाच्या फोटोंनी कोटा भरला, तर तुमची मेल थांबते. फोटो वर पाठवायला तुम्ही सांगितलेलं नसतं.

नातेवाइकांचे आणि शेजाऱ्यांचे कॉम्प्युटर बघायचं बिनपगारी खातं माझ्याकडे असल्यामुळे यातली खरी हानी कुठे होते ते मला दिसतं. फोटोंचं एक वेळ चालून जाईल. पण कर सल्लागाराच्या कॉम्प्युटरवरचा टॅलीचा डेटा घ्या. एका कंपनीचा हिशेब म्हणजे एक फाइल नव्हे, फायलींचा संच असतो आणि त्या एकमेकींशी जुळलेल्या असाव्या लागतात. सिंक करणारं, म्हणजे खालची आणि वरची प्रत सारखी ठेवणारं सॉफ्टवेअर मात्र प्रत्येक फाइल सुटी धरतं. ही बदलली, वर पाठव. ती उघडी आहे, नंतर बघू. दोन कॉम्प्युटरांवर एकाच वेळी काम चालू असेल, तर संचातली एक फाइल या टेबलावरची आणि दुसरी त्या टेबलावरची, असा खेळ होऊ शकतो. आउटलुकची मेल साठवणारी कित्येक जीबीची पीएसटी फाइल हाही असाच जुना ताप. प्रोग्रॅमरला विचारा, तो 'नोड मॉड्यूल्स' हे नाव ऐकूनच कपाळाला हात लावेल: हजारो चिमुकल्या फायली, एका आज्ञेत पुन्हा उतरवता येणाऱ्या, कुठेही जपून ठेवायची गरज नसलेल्या. सिंक त्या एकेक करून इमानेइतबारे वर नेत बसतं आणि खाली लॅपटॉपचा पंखा घरघरत राहतो.

बाकीच्यांचं बरं चाललंय असं नाही. ड्रॉपबॉक्समध्ये फोल्डर वगळण्याची खरी सोय आली, पण कशी? पॉवरशेल उघडा, फोल्डरला 'कॉम डॉट ड्रॉपबॉक्स डॉट इग्नोअर्ड' नावाचा छुपा गुणधर्म चिकटवा, त्याची किंमत 1 करा. आमच्या शेजारच्या साने काकूंनी हे करावं अशी अपेक्षा आहे काय? ॲपलच्या आयक्लाउडमध्ये जाणकार मंडळी फोल्डरच्या नावापुढे 'डॉट नोसिंक' असं शेपूट जोडतात. ही सोय नव्हे, हा गंडा-ताईत झाला. गूगलची तऱ्हा आणखी न्यारी. त्यांच्या 'बॅकअप अँड सिंक'मध्ये ड्राइव्हमधले कोणते फोल्डर कॉम्प्युटरवर हवेत ते निवडता यायचं. 2021 साली ते बंद करून नवं ॲप गळ्यात मारलं आणि 'मिरर' करताना, म्हणजे अख्खा ड्राइव्ह कॉम्प्युटरवर उतरवताना, ती निवड गेली. याला ते अपग्रेड म्हणतात.

तांत्रिकदृष्ट्या अवघड असेल, असं म्हणणाऱ्यांची मला कीव येते. फायलींच्या प्रती काढणाऱ्या, 1996 साली आलेल्या आरसिंकला 'एक्सक्लूड' सांगितलं की तो निमूट वगळतो. प्रोग्रॅमर वापरतात त्या गिटमध्ये 'गिटइग्नोअर' नावाची साधी मजकुराची फाइल असते, नको ती नावं तिच्यात लिहायची. सिंकथिंग नावाचं फुकट, मुक्त सॉफ्टवेअर हेच करतं, नेक्स्टक्लाउडही करतं. आणि खुद्द मायक्रोसॉफ्टकडे काय नाही? विशिष्ट नावांच्या फायली वर जाऊ द्यायच्या नाहीत, अशी पॉलिसी वनड्राइव्हमध्ये आहे. ती मोठ्या ऑफिसांतल्या आयटी ॲडमिनसाठी आहे, त्यातही फायलींपुरती, फोल्डरसाठी नाही. म्हणजे इंजिन तयार आहे, फक्त सामान्य माणसासमोर त्याचं बटण लावलेलं नाही. का लावतील? वगळलेला प्रत्येक फोल्डर म्हणजे न भरलेली जागा, आणि न भरलेल्या जागेचा प्लॅन कोण विकत घेणार?

वर याला 'बॅकअप' म्हणायचा निर्लज्जपणा. बॅकअप म्हणजे इथे काही बिघडलं तरी तिथे शाबूत राहणारी प्रत. सिंकमध्ये इथे पुसलं की तिथेही पुसलं जातं, इथे रॅन्समवेअरने फायली कुलूपबंद केल्या की त्या कुलपासकट वर जातात. मग रीसायकल बिनमध्ये नाहीतर जुन्या आवृत्त्यांमध्ये शोधत बसा. वैयक्तिक वनड्राइव्हच्या बिनमध्ये मुदत 30 दिवसांची. महिनाभर गावी जाऊन आलेल्या माणसाला ती कळायच्या आत संपलेली असते.

आणि प्रश्न नुसत्या फायलींचा नाही, संमतीचाही आहे. 2023 च्या आपल्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती मुक्त, विशिष्ट आणि माहितीपूर्वक असावी, असं लिहिलं आहे. कर सल्लागाराच्या डेस्कटॉपवर अशिलांची पॅन आणि आधारची स्कॅन पडलेली असतात. ती परदेशी कंपनीच्या सर्व्हरवर गेली, हे सल्लागारालाच ठाऊक नसेल तर अशिलाने संमती दिली कधी आणि कुणाला? उद्या यावरून नोटीस आली, तर ती सल्लागाराच्या नावाने येईल. सेटिंग कुणी चालू केलं होतं, हे त्या नोटिशीत नसेल.

मी लोकांना हल्ली एवढंच करायला लावतो: कामाचा फोल्डर डेस्कटॉपवरून उचलून सरळ डी ड्राइव्हवर, सिंकच्या हद्दीबाहेर न्या. टॅली आणि पीएसटीही तिकडेच. एक बाहेरची हार्ड डिस्क घ्या, दर शनिवारी तिच्यावर प्रत काढा आणि काढल्यावर ती कॉम्प्युटरपासून सोडवून कपाटात ठेवा. एकदाचा खर्च आहे, महिन्याचा हप्ता नाही. मग विंडोजचा एखादा मोठा अपडेट येतो आणि पडद्यावर पुन्हा तीच चौकट उभी राहते: तुमचे फोल्डर सुरक्षित नाहीत, बॅकअप सुरू करा. खाली 'सुरू करा' असं ठळक निळं बटण असतं, शेजारी 'नंतर आठवण करा'. 'नाही' शोधून बघा.