गोळीने ओठ सुजले, मग उपचारच बंद?

जबलपूरच्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यांच्या विनंतीवरून नाव-गाव छापत नाही. त्यांचा २४ वर्षांचा धाकटा दीर रात्र रात्र जागा राहू लागला, भिंतीपलीकडून लोक आपल्याविषयी बोलतात असे म्हणू लागला. अंगारे-धुपारे करण्यात वर्ष गेले. शेवटी घरच्यांनी त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेले आणि रिस्पेरिडोनच्या गोळ्या सुरू झाल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याचा वरचा ओठ आणि पापण्या इतक्या सुजल्या की चेहरा ओळखू येईना. ‘पित्त उठले’ म्हणून सासूबाईंनी आमसुलाचे पाणी लावले. दुपारी घोट गिळता येईना, तेव्हा रुग्णालयात धाव घेतली. इंजेक्शने दिल्यावर सूज उतरली. आता सासूबाईंनी घरातल्या सगळ्या गोळ्या फेकून दिल्या आहेत, आणि दीर पुन्हा भिंतीला कान लावून बसू लागला आहे. भगिनी विचारतात, “कुणाचे ऐकू?”

सासूबाईंचा अर्धा निर्णय बरोबर आहे. ज्या औषधाने ओठ, पापण्या, जीभ सुजली ते औषध, डॉक्टरांनी स्पष्टपणे निर्दोष ठरवल्याशिवाय, पुन्हा तोंडात जाता कामा नये. ‘थोडे कमी देऊन पाहू’ हा प्रयोग तर घरी मुळीच नको. उरलेला अर्धा निर्णय मात्र मुलाच्या मुळावर येणारा आहे. एका औषधाचे वावडे म्हणजे साऱ्या उपचारांचे वावडे नव्हे. शेंगदाणा बाधला म्हणून कुणी जेवण सोडत नाही.

या सुजेला वैद्यकीय भाषेत ‘अँजिओएडिमा’ म्हणतात. अंगावर पित्त उठते तेव्हा त्वचेच्या वरच्या थरात खाजऱ्या गांधी येतात. अँजिओएडिमात खालच्या थरातल्या बारीक रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरतो. म्हणून जिथे त्वचा सैल आणि मऊ, तिथे ती टम्म फुगते. पापण्या आणि ओठ सुजलेले दिसतात. जीभ आणि घसा आतून सुजतो तो चटकन दिसत नाही, आणि खरे भय त्याचेच आहे, कारण श्वासाची वाट तिथूनच जाते. रिस्पेरिडोन, ओलॅन्झापिन, क्लोझापिन अशा औषधांनी असे झाल्याच्या नोंदी आहेत. प्रमाण फार थोडे, पण नोंदी आहेत. जिभेखाली ठेवायच्या असेनापिन या गोळीबद्दल तर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११ साली इशारा दिला होता की पहिल्याच मात्रेनंतरही तीव्र ॲलर्जी येऊ शकते.

आमसुलाचे पाणी खाजेला आराम देते, त्याबद्दल तक्रार नाही. पण आवाज घोगरा झाला, लाळ गिळता येईना, श्वासाला घरघर लागली, चक्कर आली, की क्षणही न दवडता १०८ ला फोन करावा. घरातली ॲव्हिलची गोळी देऊन ‘बघू उतरते का’ म्हणत बसू नये. सुजलेल्या घशातून गोळी उतरवणेच धोक्याचे. श्वास लागत असेल तर रुग्णाला बसते ठेवा, चक्कर येत असेल तर आडवे करा. तीव्र ॲलर्जीवरचे पहिले औषध म्हणजे मांडीच्या स्नायूत दिलेले ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शन. उतरलेली सूज काही तासांनी परत येऊ शकते, म्हणून डॉक्टर थांबा म्हणाले तर बिलाकडे पाहून घाई करू नये. आणि जाताना गोळ्यांची पाकिटे बरोबर न्या. मनोविकाराची औषधे लाजेपोटी लपवली जातात. तिथल्या डॉक्टरांना ती ठाऊक असणे अत्यावश्यक आहे, कारण त्यांतली काही रक्तदाबावरही परिणाम करतात.

प्रत्येक सूज ॲलर्जीच असते असेही नाही. हॅलोपेरिडॉलसारख्या औषधाने पहिल्या काही दिवसांत जिभेचे, मानेचे, कधी घशाचे स्नायू आखडतात. रुग्ण म्हणतो, ‘जीभ जाड झाली, बोलता येत नाही.’ घरच्यांना वाटते, सुजली. हा स्नायूंचा पेटका. तातडीने दवाखाना गाठावा लागतोच, पण उपाय निराळा आणि बहुधा झटपट गुण देणारा. दोन्ही घोट्यांवर हळूहळू येणारी, बोट दाबले की खळगा पडणारी सूज ही तिसरीच गोष्ट. ती पुढच्या भेटीपर्यंत लांबवू नका, डॉक्टरांना फोन करून सांगा.

गंमत अशी, की मनोविकारावरचे पहिले आधुनिक औषध ॲलर्जीच्या औषधांच्याच घराण्यातले. फेनर्गन या नावाने घरोघरी ठाऊक असलेल्या प्रोमेथाझिनच्या कुळातून फ्रान्समध्ये क्लोरप्रोमाझिन तयार झाले आणि १९५२ साली पॅरिसमध्ये डिले व डेनिकर यांनी ते मनोरुग्णांना दिले. तेव्हापासून आजवर निरनिराळ्या रासायनिक कुळांतली कितीतरी औषधे आली. म्हणूनच एक सोसले नाही तर दुसरे शोधता येते. मात्र रिस्पेरिडोनचे वावडे ठरले तर पॅलिपेरिडोनही टाळायला हवे. नाव वेगळे असले तरी शरीरात गेल्यावर रिस्पेरिडोनचे जे रूपांतर होते तेच पॅलिपेरिडोन.

आता भगिनींनी करायचे काम. दिराने त्या तीन-चार दिवसांत जे जे घेतले त्याची यादी करावी. डोकेदुखीची गोळी, दाढेसाठी घेतलेले अँटिबायोटिक, बाजारचे काढे, सगळे. अनेक गोळ्यांत रिस्पेरिडोनबरोबर ट्रायहेक्सिफेनिडिलही मिसळलेले असते, तेव्हा पाकिटावरची बारीक अक्षरेही उतरवून घ्यावीत. वेदनाशामक गोळ्यांनी अशी सूज येणे मुळीच दुर्मिळ नाही. (रक्तदाबासाठी एनालाप्रिल किंवा रॅमिप्रिल घेणाऱ्या वडीलधाऱ्यांनाही ती वर्षानुवर्षे गोळी घेतल्यावर अचानक येऊ शकते.) मग ही यादी आणि सुजेचा फोटो असल्यास तो घेऊन त्याच मानसोपचारतज्ज्ञांकडे याच आठवड्यात जावे. तिथे जायचे मन नसेल तर जबलपूरच्या नेताजी सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालयात जावे. तोवर धीर देणारे कुणी हवे असेल तर १४४१६ हा ‘टेलिमानस’चा विनाशुल्क क्रमांक आहे.

औषधाचे मूळ नाव एका कागदावर ठळक लिहून तो दिराच्या पाकिटात कायम ठेवा. कंपनीचे नाव पुरत नाही. एकच रिस्पेरिडोन दहा नावांनी विकले जाते. उद्या नागपूरला लग्नाला गेल्यावर दुकानदाराने दुसऱ्या नावाची पट्टी दिली तर घरात कुणाला कळणार?

महिन्यातून एकदा टोचायच्या इंजेक्शनाचा पर्याय कदाचित पुढे येईल. गोळी विसरणाऱ्यांना ते सोयीचे असते; पण शरीरात साठवलेले औषध ॲलर्जी आली तर बाहेर काढता येत नाही. म्हणून तेच औषध आधी तोंडाने देऊन सोसते का ते पाहतात. फ्लुफेनाझिन आणि हॅलोपेरिडॉलची लांब पल्ल्याची इंजेक्शने तर तिळाच्या तेलात असतात. संक्रांतीला तिळगूळ खाऊन ज्याच्या अंगावर गांधी उठतात त्याने हे आधी सांगितलेच पाहिजे.

डॉक्टरांना इतके प्रश्न विचारायचे म्हणजे उद्धटपणा, असे भगिनींना वाटते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार कोणते आणि त्यांचे ज्ञात दुष्परिणाम कोणते, हे रुग्णाला कळेल अशा भाषेत जाणून घेण्याचा हक्क दिला आहे. सासूबाईंना हिंदी अवघड जात असेल तर त्यांनाही बरोबर न्या आणि सारे मराठीत समजावून सांगा. गोळ्या फेकणाऱ्या हातांनीच पुढे गोळ्या द्यायच्या आहेत.

झाल्या प्रकाराची नोंद सरकारदरबारी करता येते, आणि ती डॉक्टरांनीच करावी असे नाही, घरचेही करू शकतात. देशाच्या औषध-दक्षता कार्यक्रमाचा विनाशुल्क क्रमांक १८००-१८०-३०२४ असा आहे. फोन करताना गोळीचे पाकीट हाताशी असू द्या. सासूबाईंनी ते टाकले असेल तर डॉक्टरांची चिठ्ठीही चालेल.