पेरणीनंतर बदललेला नियम

परभणी जिल्ह्यातला कापूस उत्पादक जागतिक मंदीवर बोलू लागला की त्याचे बोलणे भावाची रड म्हणून सोडून दिले जाते. यात त्याच्यावर अन्याय होतो आणि धोरणही आंधळे राहते. जगातल्या संकटाचा भार देशात शेवटी कोणाच्या माथी येतो, हे मानवत-सेलूच्या बाजारात लवकर कळते. २०२५ चा खरीप पाहा. अमेरिकेने भारतीय मालावर लावलेले ५० टक्के आयात शुल्क २७ ऑगस्टला लागू झाले. वस्त्रोद्योगाला कापूस स्वस्त मिळावा म्हणून केंद्राने त्याआधीच, १९ ऑगस्टपासून, कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क माफ केले. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. ही माफी आली तोवर बियाणे, खत, फवारणी, खुरपणी यांवर पैसा ओतून झाला होता आणि वेचणी तोंडावर आली होती. जूनमध्ये पीक निवडताना जो नियम होता, तो पीक हाती येण्याआधीच बदलला. म्हणून माझे म्हणणे एकच: शुल्काचा निर्णय पेरणीआधी जाहीर व्हावा आणि तो घेताना शेतकऱ्याचे मत विचारात घेतले जावे.

यावर पहिला आक्षेप असा की शेतकरी स्वतःपुरते पाहतो. सूतगिरण्या बंद पडल्या तर त्याचा कापूस घेणार कोण? प्रश्न रास्त आहे, गिरणी कामगारांची रोजीरोटीही तितकीच मोलाची आहे. पण निर्यातदारांना सावरायला कर्जहमीचा मार्ग होता आणि नोव्हेंबरमध्ये केंद्राने तो पत्करलाही. तो भार सरकारी तिजोरी उचलते. शुल्कमाफीचा भार कोरडवाहू शेतकऱ्यावर पडतो. दुसरा आक्षेप हमीभावाचा. लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलला ८,११० रुपये जाहीर होतेच की! मात्र १२ टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा असलेला कापूस हमीभावाने खरेदी करणारे भारतीय कापूस महामंडळ (सीसीआय) घेत नाही, आणि त्या सप्टेंबरात मराठवाडा अतिवृष्टीने झोडपून निघाला होता. भिजलेली पहिली वेचणी घेऊन, उधारी फेडण्याच्या घाईत असलेला माणूस व्यापाऱ्याच्या दारी जातो. तिथल्या भावावर परदेशातून येणाऱ्या गाठींचे सावट असते.

हमीभाव खरोखर हाती पडला तर काय होऊ शकते, याचा दाखला २००८ मध्ये आहे. सप्टेंबरात लेहमन ब्रदर्स बुडाली, जगभर कापसाचे भाव कोसळले. पण त्या हंगामासाठी लांब धाग्याचा हमीभाव २,०३० वरून ३,००० रुपयांवर नेलेला होता आणि सीसीआयने मोठी खरेदी केली. घसरणीचा बराच भार सरकारने उचलला. आजही ते शक्य आहे. हंगामाच्या मध्यात शुल्क माफ करावेच लागले, तर हमीभाव आणि विक्रीचा भाव यांतला फरक शेतकऱ्याच्या खात्यात जमा करावा. उद्योग वाचवण्याची किंमत देशाच्या तिजोरीने मोजावी. ती एकट्या कापूस उत्पादकाकडून वसूल करणे न्यायाला धरून नाही.