थ्रेड : गाणे गाजले, घर कोणाचे बुडाले?

१/ २००० साली ‘इंडियन ओशन’ या दिल्लीच्या बॅण्डचा ‘कंदिसा’ हा अल्बम आला. त्यातील ‘मा रेवा’ने महाविद्यालयीन तरुणाईला वेड लावले. चित्रपटाचा आधार नसलेले रॉक गाणे एवढे गाजणे तेव्हा विरळाच.

२/ त्याचे श्रेय सुस्मित सेन यांची गिटार, असीम चक्रवर्ती यांचा तबला व आवाज, राहुल राम यांचे बास आणि अमित किलम यांचे ड्रम यांना दिले जाते. ते रास्तच आहे. परंतु अपुरे आहे.

३/ मूळ गीत नर्मदाकाठचे. रेवा म्हणजे नर्मदा. राहुल राम नर्मदा बचाव आंदोलनात होते. खोऱ्यातील गाणे त्यांच्यासोबत बॅण्डपर्यंत आले. म्हणजेच या यशाचा एक झरा लोकलढ्यात आहे.

४/ सरदार सरोवराने महाराष्ट्रातील ३३ गावे बाधित झाली. नंदुरबार जिल्ह्यातील मणिबेली त्यांपैकीच एक. शहरी सभागृहांत वाहत्या नदीची स्तुती घुमत होती, त्याच काळात ती नदी जलाशय होत चालली होती. गाणे तरले, गावे बुडाली.

५/ हा प्रश्न पालघरमधील कोसबाडच्या टेकडीवरून अधिक स्पष्ट दिसतो. या मुलखातील वारली तारपा सुकवलेला भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाची पाने आणि मेण यांपासून घडतो. वादक मध्ये, नाचणारे भोवती. सूर बदलला की पावले बदलतात. येथे ‘श्रोता’ वेगळा नसतोच.

६/ जवळच्याच गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन लाभले. चित्रातला तारपावाला आज शहरांतील भिंतींवर पोहोचला आहे. त्याचे सूर मात्र किती जणांनी ऐकले आहेत?

७/ ‘म्हणजे बॅण्डने गाणे चोरले काय?’ नाही. वाद्यमेळ रचणे ही स्वतंत्र निर्मिती आहे, आणि बॅण्ड नसता तर शहराला हे गीत कळलेही नसते. आक्षेप कलाकारांवर नाही. ‘पारंपरिक’ हा एकच शब्द लिहून मोकळ्या होणाऱ्या इतिहासलेखनावर आहे. परंपरा गात नाही, माणसे गातात.

८/ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला कुरणशाळा चालवली. गुरे राखणारे मूल शाळेत येत नसेल, तर शाळेनेच कुरणात जावे, असा तो विचार होता. संगीताच्या इतिहासकारानेही तेच करावे : स्टुडिओच्या दारात न थांबता गाणे जिथून निघाले त्या पाड्यावर जावे, गाणाऱ्यांची नावे विचारावीत आणि लिहून ठेवावीत.

९/ ही नावे सांगणारी पिढी म्हातारी होत आहे. हे काम पुढच्या पिढीवर ढकलता येणार नाही.