मानधन, बांधिलकी आणि हक्क



मानधन नको, वेतन हवे, ही अंगणवाडी सेविका व मदतनीसांची जुनी मागणी. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधील सेविकांच्या दाव्यात निकाल दिला, की नाव मानधन असले तरी ते वेतनच आहे आणि सेविका-मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत. आपण सर्वांनीच या निकालाचे स्वागत केले. पण या लढ्याची पत्रके वाटणारी, वस्तीवस्तीत सभा घेणारी जी पूर्णवेळ कार्यकर्ती, तिला तिच्या संघटनेकडून दरमहा काय मिळते? अनेक ठिकाणी उत्तर तेच आहे : मानधन. नेमणुकीचे पत्र नाही, कामाचे तास ठरलेले नाहीत, रजा म्हणजे ताईंची मर्जी.

असे का, हे विचारले की सांगितले जाते, ही नोकरी नव्हे, बांधिलकी आहे. आपण सगळे एका कुटुंबासारखे आहोत. स्त्री चळवळीच्या तोंडी ही उपमा फारच चमत्कारिक वाटते. कुटुंबात बाईच्या श्रमांना प्रेमाचे नाव देऊन ते फुकटात कसे घेतले जातात, हे आपणच तर जगाला सांगितले. तेच श्रम संघटनेत बांधिलकीच्या नावाने घेतले, तर फरक काय राहिला?

शिवाय बांधिलकीची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही. जिच्या घरी दुसरा पगार येतो तिला अपुऱ्या मानधनात वर्षे काढता येतात. वस्तीतून आलेली, बहुधा दलित, आदिवासी किंवा मुस्लिम, एकटीने घर चालवणारी कार्यकर्ती तसे करू शकत नाही. परिणाम असा, की अहवाल लिहिणारीला जास्त मिळते आणि मध्यरात्री पोलीस ठाण्यात जाणारीला कमी. मग तीच चळवळ सोडते आणि आपण म्हणतो, नव्या मुलींमध्ये पूर्वीसारखी तळमळ राहिली नाही.

पैशाची अडचण खोटी नाही. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० साली दुरुस्ती होऊन प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. वर्गणीवर चालणाऱ्या युनियनची ओढाताण तर नेहमीचीच. पण नेमणुकीचे पत्र द्यायला पैसे लागत नाहीत. कोणाला किती मिळते हे सर्वांसमोर मांडायला, आठवड्याची सुट्टी पाळायला, काढून टाकण्यापूर्वी तिचे म्हणणे ऐकून घ्यायलाही लागत नाहीत.

कायद्याचे छत्रही विरले आहे. १९७८ च्या बंगलोर वॉटर सप्लाय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 'उद्योग' या शब्दाची व्याख्या इतकी व्यापक केली, की अनेक सेवाभावी संस्था तिच्यात आल्या. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने धर्मादाय व सामाजिक सेवा करणाऱ्या संस्था त्या व्याख्येबाहेर ठेवल्या. कामगार संघटनांनी या संहितांना विरोध केला, तो योग्यच. पण तिच्यामुळे आपल्याच कचेरीतली कार्यकर्ती उघडी पडते, याची चर्चा फारशी झाली नाही.

लैंगिक छळाबाबत मात्र पळवाट नाही. २०१३ चा कायदा स्वयंसेवी संस्था व ट्रस्टलाही लागू आहे. दहा किंवा अधिक जणी-जण काम करत असतील तर अंतर्गत समिती हवीच. त्याहून लहान गटातल्या बाईला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. हा कायदा ज्या विशाखा निकालातून (१९९७) आला, त्याच्या मुळाशी राजस्थानातील साथिन भंवरीदेवींवर १९९२ साली झालेला बलात्कार होता. बालविवाह रोखण्याचे काम करणारी, सरकारी कार्यक्रमात मानधनावर असलेली ती गावपातळीवरची कार्यकर्ती. तिच्यामुळे मिळालेला हक्क आपल्या कार्यकर्तीपर्यंत पोचू नये, हे शोभणारे नाही.

नियम आले की संघटनेची कंपनी होईल, अशी भीती काहींना वाटते. आमचा अनुभव उलटा आहे. नियम नसले की सत्ता नाहीशी होत नाही, ती फक्त अदृश्य होते. जी ताईंच्या जवळची, तिचे चालते. काम नीट न करणाऱ्या सहकारिणीला समोर बसवून कोणी सांगत नाही, पाठीमागे मात्र सगळ्या बोलतात. स्वेच्छेने वेळ देणाऱ्या मैत्रिणी चळवळीला हव्यातच. पण स्वेच्छेने दिलेला वेळ वेगळा आणि नेमून दिलेले काम वेगळे, एवढी रेघ स्पष्ट हवी.

म्हणून प्रत्येक गटाने येत्या तीन महिन्यांत एक बैठक फक्त याच विषयावर घ्यावी, असे आम्ही सुचवतो. नेमणूक, तास, रजा, बाळंतपण, प्रवासातली सुरक्षितता, मानधनातली तफावत, तक्रार कोणाकडे करायची, हे मुद्दे लिहून काढावेत. तक्रार ऐकणारी व्यक्ती संघटनेच्या प्रमुखाहून वेगळी असावी. आणि बैठकीत आधी बोलावे ते सर्वांत कमी मानधन घेणाऱ्या कार्यकर्तीने. मालकाकडे मागण्यांची यादी घेऊन जाणे आपल्याला चांगले जमते. ती यादी एकदा आपल्या भिंतीवरही लावू या. काय ठरले, कुठे अडले, ते आम्हाला जरूर कळवा.

— संपादक मंडळ