पाट्या बदलल्या, वस्त्या तशाच

१३ नोव्हेंबर १९२७ या दिवशी अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात वऱ्हाड प्रांतिक अस्पृश्य परिषद भरली. अध्यक्षस्थानी डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते आणि ऐरणीवरचा प्रश्न होता अंबादेवीच्या मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळण्याचा. नुकतेच विलायतेहून शिकून परतलेले पंजाबराव देशमुख त्या लढ्यात अस्पृश्यांच्या बाजूने उभे होते. पंजाबरावांचं ते वय वकिलीत जम बसवण्याचं होतं, पण त्यांनी आपल्याच समाजातल्या अनेकांची नाराजी ओढवून घेतली. याच शहरात त्यांनी सर्व जातींच्या मुलांना एका छपराखाली आणणारं श्रद्धानंद छात्रालय काढलं.

१३ नोव्हेंबर २०२१ रोजी त्याच अमरावतीत, अंबादेवीपासून फार दूर नसलेल्या राजकमल चौकात जमाव रस्त्यावर उतरला. आदल्या दिवशी त्रिपुरातल्या घटनांच्या निषेधार्थ मुस्लिम संघटनांनी काढलेल्या मोर्चाच्या वेळी दुकानांवर दगडफेक झाली होती. तिच्या निषेधाचा बंद भाजपने पुकारला आणि त्या बंदातही दुकानं फुटली, जाळपोळ झाली. लाठीमार, संचारबंदी, इंटरनेट बंद. दीड वर्षाने, १३ मे २०२३च्या संध्याकाळी अकोल्याच्या जुन्या शहरात समाजमाध्यमावरच्या एका पोस्टवरून दंगल उसळली. गाड्या जळाल्या, एका माणसाचा जीव गेला.

दंगल झाली की चर्चा ठरलेली असते. पहिला दगड कोणी मारला, पोलीस किती उशिरा आले, कोणत्या पुढाऱ्याने काय भाषण केलं. हे प्रश्न विचारायलाच हवेत आणि दोषींना शिक्षाही व्हायला हवी. पण ज्या जमिनीवर हा दगड उचलला जातो, त्या जमिनीकडे कोणी पाहत नाही. अमरावती आणि अकोल्याची वाढ गेल्या काही दशकांत ज्या पद्धतीने झाली, त्या पद्धतीतच पुढच्या दंगलीची तयारी आहे.

जुन्या गावाची रचना जातीवरच होती, ती गोड करून सांगण्याचं कारण नाही. अमरावतीच्या परकोटाच्या आत काय किंवा अकोल्यात मोर्णा नदीच्या काठी काय, आळ्या आणि पुरे जातीनिहाय आणि धर्मनिहाय होते. पण बाजार एक होता. अकोल्याच्या जुन्या शहरात राजराजेश्वराचं मंदिर आणि मशिदी एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर आहेत. पिंजारी, तांबोळी, कासार, शिंपी आणि सराफ यांचं एकमेकांवाचून चालत नव्हतं. शिवाशिव पाळणारे, पंक्तीला वेगळे बसणारे लोकसुद्धा रोज एकमेकांच्या नजरेस पडत. अन्याय होता, पण अनोळखीपणा नव्हता.

आज शहराबाहेरच्या शेतांचे लेआउट पडतात, तेव्हा अन्याय तर राहतोच आणि वर अनोळखीपणाची भर पडते. अकोल्याचा गोरक्षण रोड आणि कौलखेड घ्या किंवा अमरावतीचं साईनगर घ्या. नव्या वस्तीत दवाखाना, किराणा, शिकवणी, बाग, मंगल कार्यालय सगळं हाताशी असतं. तिकडे अमरावतीतलीच नागपुरी गेट, पठाण चौक, वलगाव रोडच्या बाजूची मुस्लिम वस्तीही आपल्या आपल्यात पूर्ण होत चालली आहे. फ्रेजरपुरा, भीमनगर या दलित वस्त्यांची कहाणी आणखी जुनी. साईनगरमधलं मूल दहावी होईपर्यंत आपल्या वयाच्या एकाही मुसलमान मुलाशी बोललेलं नसतं, आणि उर्दू शाळेतून शिकून आलेल्या मुलाचीही तीच गत असते. मग एके दिवशी दोघांच्या मोबाइलवर एकच व्हिडिओ येतो, आणि समोरच्याची दुसरी कुठलीच ओळख दोघांपाशी नसते.

हे आपोआप घडत नाही. घर बघायला गेलेल्या माणसाला विचारा. फोनवर भाडं ठरतं, डिपॉझिट ठरतं, मग हळूच प्रश्न येतो, "आडनाव काय म्हणालात?" वऱ्हाडात हा प्रश्न आडनावापाशी थांबत नाही. वानखडे, इंगळे, तायडे ही आडनावं इथे कुणब्या-माळ्यांतही आहेत आणि बौद्धांतही. म्हणून पुढचा प्रश्न येतो, "कोणते वानखडे? गाव कोणतं?" गावाने उलगडा झाला नाही तर मामाकुळाची चौकशी होते. देशमुख म्हटल्यावर निर्धास्त झालेला मालक पूर्ण नाव ऐकून गप्प होतो, कारण मुसलमान देशमुखही वऱ्हाडात आहेत. त्यानंतरची वाक्यं सगळ्यांना पाठ आहेत. "घरच्यांना विचारून सांगतो." "पाहुण्यासाठी ठेवली आहे खोली." "आमच्याकडे नॉनव्हेज चालत नाही." नगरपालिकेत, शाळेत, बँकेत नोकरीला असलेली, पगार वेळेवर होणारी माणसं या प्रश्नोत्तरांतून जातात आणि शेवटी आपल्या लोकांच्या वस्तीत घर घेतात. मग तोच मालक म्हणतो, "त्यांना त्यांच्यातच राहायला आवडतं."

या ठिकाणी अमेरिकेतल्या शहरांकडे पाहणं उपयोगाचं आहे, आणि वऱ्हाडाला ती दूरची वाटायला नकोत. १८६१ ते १८६५च्या यादवी युद्धात गुलामांच्या घामावर पिकणारा अमेरिकी कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. त्याच दशकात रेल्वे आली, अमरावती-अकोल्याचे कापूस बाजार फुगले, जिनिंग-प्रेसिंग उभी राहिली आणि खेड्यातला मजूर शहराच्या कडेला येऊन राहिला. तिकडे गुलामगिरी संपल्यावर कापसाच्या शेतांतून निघालेली काळी कुटुंबं साधारण १९१६पासून पुढची पन्नासेक वर्षं शिकागो, डेट्रॉइट, न्यूयॉर्ककडे जात राहिली. एकूण साठेक लाख माणसं. शहरात त्यांना काम मिळालं, पण घर मात्र ठरावीक गल्ल्यांतच मिळालं.

२७ जुलै १९१९ रोजी शिकागोत एक सतरा वर्षांचा काळा मुलगा तळ्यात पोहत होता. काठावर गोऱ्यांची आणि काळ्यांची बाजू वेगळी होती. पाण्यात रेघ नसते, पण मुलगा वाहत वाहत गोऱ्यांच्या बाजूला गेला म्हणून त्याच्यावर दगड मारले गेले आणि तो बुडाला. त्यावरून उसळलेल्या दंगलीत ३८ माणसं मेली.

पुढे ही रेघ कागदावर आली. १९३०च्या दशकात अमेरिकी सरकारच्या गृहकर्ज यंत्रणेने शहरांचे नकाशे रंगवले. काळ्यांच्या वस्त्यांना लाल रंग, म्हणजे तिथे कर्ज देणं धोक्याचं. डेट्रॉइटमध्ये १९४१ साली एका बिल्डरने काळ्यांच्या वस्तीला लागून गोऱ्यांसाठी घरं काढली. सरकारी कर्जहमी मिळावी म्हणून त्याने दोन्ही वस्त्यांच्या मधे सहा फूट उंच आणि अर्धा मैल लांब भिंत बांधली. ती भिंत आजही उभी आहे. १९६६ साली मार्टिन ल्युथर किंग शिकागोत खुल्या घरबाजारासाठी मोर्चा घेऊन गेले, तेव्हा त्यांना दगड लागला. इतका द्वेष आपण दक्षिणेतही पाहिला नाही, असं ते नंतर म्हणाले. घर देताना वर्ण, धर्म, वंश पाहायला बंदी करणारा कायदा तिथे झाला तो ११ एप्रिल १९६८ला, किंग यांच्या हत्येनंतर एका आठवड्याने. तोपर्यंत तीन पिढ्यांची घरं, शाळा आणि संपत्ती वेगळी झाली होती. शिकागो आणि डेट्रॉइट आजही त्यातून सावरलेली नाहीत.

आपल्याकडे नकाशे रंगवायची गरज पडली नाही. कर्जाच्या व्यवहारात 'निगेटिव्ह एरिया' हा शब्द सर्रास ऐकू येतो. अशा वस्तीतल्या माणसाचा अर्ज त्याचा पगार बघण्याआधीच पत्त्यावर अडतो. सॅम अ‍ॅशर, पॉल नोवोसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातल्या सुमारे १५ लाख छोट्या वस्त्यांचा अभ्यास २०२३मध्ये मांडला. शहरांतल्या मुसलमानांचं आणि अनुसूचित जातींचं वेगळं राहणं अमेरिकेतल्या काळ्यांच्या वेगळं राहण्याच्या जवळपास तोडीचं आहे, असं त्यात दिसलं. चारातला एक मुसलमान अशा वस्तीत राहतो जिथे ८० टक्क्यांहून जास्त लोक मुसलमान आहेत. त्याहून गंभीर बाब सोयींची आहे. सगळी मुस्लिम वस्ती असेल तर तिथे सरकारी माध्यमिक शाळा असण्याची शक्यता मुसलमान नसलेल्या वस्तीच्या जवळपास निम्मी. एकाच महापालिकेच्या हद्दीत नळ, गटार, शाळा कोणत्या गल्लीपर्यंत जातात हे वस्ती पाहून ठरतं, असा त्याचा अर्थ.

महाराष्ट्र सरकारने डिसेंबर २०२०मध्ये महारवाडा, मांगवाडा, ब्राह्मणवाडा अशी वस्त्यांची जातिवाचक नावं बदलून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर यांसारखी नावं देण्याचा निर्णय घेतला. निर्णय चांगलाच होता. पत्ता लिहिताना जात लिहावी लागणं ही रोजची मानहानी होती. पण पाटी बदलली म्हणून कोणाला दुसऱ्या वस्तीत घर मिळालं नाही. समतानगरात कोण राहतं हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं.

वेगवेगळे राहिलो तर निदान भांडणं होणार नाहीत, असं मानणारे बरेच आहेत. दंगल पाहिलेल्या आईने मुलांना आपल्या माणसांत घेऊन जावं यात तिची चूक नाही, ती भीती खरी आहे. पण भीतीवरचा हा उपाय भीतीच वाढवतो. भिवंडीचा अनुभव महाराष्ट्रापुढे आहे. १९७० आणि १९८४ अशा दोन भीषण दंगली पाहिलेल्या त्या गावात पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. नामवंत पुढाऱ्यांऐवजी गल्लीतले दुकानदार, कामगार, शिक्षक असे दोन्ही समाजांचे लोक नळाच्या, कचऱ्याच्या, भाडेकरूंच्या तक्रारींसाठी एकत्र बसू लागले. १९९२-९३ला मुंबई जळत असताना शेजारची भिवंडी शांत राहिली. राजकीय शास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी आपल्या अभ्यासात या प्रयोगाची मुद्दाम दखल घेतली. अफवा आली तेव्हा पलीकडच्या गल्लीतल्या कोणाला तरी फोन करून खरं-खोटं विचारता येत होतं, एवढा मोठा फरक त्या बैठकांनी पडला.

पण समित्या भांडण थोपवतात, घर मिळवून देत नाहीत. त्यासाठी कायदा लागतो, आणि आपला कायदा इथे फार तोकडा आहे. १९५५च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यात अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत घर घेण्यास किंवा राहण्यास अडवणं हा गुन्हा आहे. पण घर नाकारताना जातीचं कारण आता कोणी उघड बोलून दाखवत नाही, म्हणून तक्रार करणंच अवघड जातं. धर्मावरून खासगी मालकाने घर नाकारलं तर त्याला रोखणारा स्पष्ट कायदाच नाही. उलट २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादेतल्या पारशी गृहनिर्माण सोसायटीच्या खटल्यात, सभासदत्व एका समाजापुरतं ठेवण्याचा नियम वैध ठरवला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने काळ्यांना घर विकू नये अशा करारांची अंमलबजावणी न्यायालयांनी करू नये असा निकाल १९४८मध्ये दिला होता. आपण त्याच्या ५७ वर्षांनंतर उलट्या दिशेला गेलो. सच्चर समितीने २००६मध्ये समान संधी आयोग नेमा आणि मिश्र वस्तीच्या गृहप्रकल्पांना सवलती द्या, अशी शिफारस केली होती. तीही फाइलीत पडून आहे.

घर माझं, कोणाला द्यायचं ते मी ठरवणार, हा युक्तिवाद या ठिकाणी हमखास येतो. दुकानही मालकाचंच असतं आणि खाणावळही. तरी तिथे धर्म-जातीवरून कोणाला अडवायचं नाही हे राज्यघटनेच्या १५व्या कलमाने सांगितलं. पाण्याच्या विहिरीइतकीच राहण्याची जागा माणसाला लागते. सिंगापूरने १९८९पासून सरकारी गृहसंकुलातल्या प्रत्येक इमारतीत चिनी, मलाय, भारतीय यांच्या प्रमाणाची कमाल मर्यादा ठरवली, आणि तिथली बहुतेक जनता अशाच घरांत राहते. त्यातही गैरसोयी आहेत. मलाय किंवा भारतीय कुटुंबाला घर विकताना गिऱ्हाईक कमी मिळतं, ही तक्रार खरी आहे. पण एका समाजाची संपूर्ण वस्ती होऊ द्यायची नाही हे सरकारने ठरवलं, म्हणून मुलं एका लिफ्टने शाळेला जातात.

वऱ्हाडात एवढंही लागणार नाही. म्हाडाची आणि पंतप्रधान आवास योजनेची घरं सोडतीने देताना एका समाजाचा वेगळा भाग होणार नाही एवढी काळजी घेता येते. अमरावती आणि अकोला महापालिकेने प्रभागवार रस्ते, नळ, शाळा आणि दवाखान्यांवरचा खर्च दरवर्षी जाहीर करावा, म्हणजे कोणत्या गल्लीला काय मिळालं ते लोकांना दिसेल. आणि विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन नागपुरात भरतं तेव्हा अमरावती-अकोल्याच्या आमदारांनी, ते कोणत्याही पक्षाचे असोत, घर विकताना किंवा भाड्याने देताना जात-धर्म पाहणं गुन्हा ठरवणारं विधेयक मांडावं. दंगलीनंतर शांतता समितीच्या बैठकीला हे सगळे हजर असतात. या विधेयकाच्या मतदानालाही त्यांनी हजर राहावं, आणि ते राहतात की नाही याची नोंद मतदारांनी ठेवावी.