सामायिक ग्रंथालयाचा हिशेब

ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाची स्थापना १८९३ची, कल्याणच्या सार्वजनिक वाचनालयाची १८६४ची. वर्गणी एकत्र करून पुस्तके घेण्याची रीत इथे जुनी आहे. महाविद्यालयांत मात्र ती संगणकापुरतीच उरली. महाविद्यालयांसाठीच्या ‘एन-लिस्ट’ या सामायिक योजनेमुळे अल्प वार्षिक शुल्कात हजारो ई-नियतकालिके मिळतात. एकट्या महाविद्यालयाला ती कधीच परवडली नसती. केंद्राने नोव्हेंबर २०२४मध्ये मंजूर केलेली ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही नियतकालिकांचीच योजना सुमारे ६,००० कोटींची, पण ती सरकारी संस्थांपासून सुरू झाली. आपल्याकडची बहुतेक महाविद्यालये खासगी शिक्षणसंस्थांची आहेत.

छापील मराठी संदर्भग्रंथांचे काय? ठाणे ते कल्याण रेल्वेने वीसच किलोमीटर. तरीही डोंबिवलीच्या विद्यार्थ्याला ठाण्यातल्या महाविद्यालयाचे पुस्तक सहजी मिळत नाही. महाविद्यालयांनी पुस्तके एकमेकांना द्यायची, तर सामायिक सूची, ने-आण, हरवलेल्या प्रतीची भरपाई आणि हे सांभाळणारा पूर्णवेळ ग्रंथपाल, एवढा हा खर्च. त्यातला ग्रंथपालाचा पगारच सर्वांत जड, आणि काटकसर नेमकी तिथेच होते. आमच्या मते पहिला खर्च त्याच्यावर व्हावा. सामायिक सूची त्याच्याशिवाय वर्षभरात जुनी होईल.