जिद्दीच्या रील पुरे, मुलींची वर्षं मोजा

प्रेरणादायी गोष्टींचा मला राग येतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे गैरसमज नको.

राग गोष्टीतल्या माणसाचा नाही, ती सांगणाऱ्याचा आहे. साठ सेकंदांची रील असते. फाटकी चप्पल, पत्र्याचं घर, चुलीपुढे बसलेली आई, मग एकदम पदक, मग डोळ्यांत पाणी. शेवटी पडद्यावर अक्षरं येतात : जिद्द असेल तर काहीच अशक्य नाही. आपण ती स्टेटसला लावतो, आमदार शेअर करतात, क्लासवाले त्यावर स्वतःचा लोगो चिकटवतात. सगळे खूश.

पण या गोष्टीत एक लबाडी आहे. चॅम्पियन व्हायला मैदान लागतं, शिकवणारं माणूस लागतं, पोटभर खाणं लागतं आणि सगळ्यांत महाग म्हणजे मोकळी वर्षं लागतात. रील म्हणते, यातलं काही लागत नाही, फक्त जिद्द लागते. आणि लागतच नाही म्हटलं, की ते देण्याची जबाबदारीही कुणावर राहत नाही.

ही लबाडी दाखवून द्यायला मी एका अशा बाईचं नाव घेणार आहे, जिची रील कुणी बनवत नाही. लीला राव.

१९३४ साली विम्बल्डनमध्ये महिला एकेरीच्या पहिल्या फेरीत लीला रावने ग्लॅडिस साउथवेलला हरवलं. विम्बल्डनमध्ये सामना जिंकणारी ती पहिली भारतीय स्त्री. तिच्याआधी १९२९ साली जेनी सँडिसन तिथे खेळून आली होती, पण जिंकली लीला. दुसऱ्या फेरीत ती फ्रान्सच्या इडा अदामॉफकडून हरली. पुढच्या वर्षी पुन्हा गेली आणि पहिल्याच फेरीत हरून परतली. इकडे भारतात मात्र तिचा दबदबा होता. अखिल भारतीय स्पर्धेचं एकेरीचं विजेतेपद तिने पुन्हा पुन्हा मिळवलं.

आता गंमत बघा. १९९८ साली निरुपमा वैद्यनाथनने ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये एक सामना जिंकला. व्यावसायिक खेळाडूंना दारं खुली झाल्यानंतरच्या काळात, म्हणजे १९६८ नंतर, ग्रँड स्लॅमच्या एकेरीत जिंकणारी ती पहिली भारतीय स्त्री. मोठीच गोष्ट. पण हे सांगताना ‘१९६८ नंतर’ हा भाग अनेकदा गळतो आणि उरतं नुसतं ‘पहिली भारतीय स्त्री’. दोन शब्द गळले की लीला रावही गळते. २०२४ साली तिच्या विजयाला नव्वद वर्षं झाली. माझ्या ओळखीत कुणाच्या स्टेटसला ती दिसली नाही.

का दिसली नाही? कारण तिच्या गोष्टीत फाटकी चप्पल नाही.

लीलाचा जन्म १९११ चा, मुंबईतला. वडील डॉ. राघवेंद्र राव, नावाजलेले डॉक्टर. आई पंडिता क्षमा राव, जन्म पुण्याचा, वेदांचे मोठे अभ्यासक शंकर पांडुरंग पंडित यांची मुलगी. वडील गेले तेव्हा क्षमाबाई जेमतेम तीन-चार वर्षांच्या होत्या. पुढे त्यांनी संस्कृतवर असा हात बसवला की गांधीजींच्या चळवळीवर ‘सत्याग्रहगीता’ हे अख्खं काव्य संस्कृतात लिहिलं. १९३२ साली ते छापलं गेलं पॅरिसला. तुकाराम, रामदास, ज्ञानेश्वर यांची चरित्रंही त्यांनी संस्कृत काव्यात लिहिली.

आणि या संस्कृत पंडिता बाई स्वतः टेनिस खेळायच्या.

इथे जरा थांबा. घरात आईच्याच हातात रॅकेट आहे. मुलीने कोर्टवर जायचं की नाही, लोक काय म्हणतील, उन्हात काळी पडेल, लग्न कसं जमेल, हे प्रश्न आईने आधीच निकालात काढलेत. आपल्याकडे मुलीची पहिली मॅच घरच्या उंबऱ्यावर होते आणि बहुतेक मुली तिथेच हरतात. लीलाला ती मॅच खेळावीच लागली नाही.

फ्रान्सची सुझान लेंग्लेन घ्या. १९१९ ते १९२५ या सात वर्षांत तिने विम्बल्डनची एकेरी सहा वेळा जिंकली. तिचे वडील कोर्टवर रुमाल टाकून ठेवायचे आणि चेंडू नेमका त्यावर पाड म्हणायचे. तासन् तास. रुमाल टाकायला मोकळा वेळ असलेला बाप लागतो आणि रुमाल पडेल असं कोर्ट लागतं. जिद्द त्यानंतर कामाला येते.

मुंबईतही कोर्टं आभाळातून पडली नव्हती. बॉम्बे जिमखाना १८७५ चा, गोऱ्यांसाठीचा. मग पारशी, हिंदू, मुस्लिम जिमखान्यांना समुद्राकाठी जागा मिळाल्या, त्या सरकारकडून. म्हणजे गोऱ्या साहेबालाही कळत होतं की खेळायला आधी जमीन लागते. ती कुणाला मिळाली आणि कुणाला नाही, हे वेगळं सांगायला नको. पळवणकर बाळू हा त्या काळातला देशातला सर्वोत्तम फिरकी गोलंदाज. तो पुण्यात क्रिकेट क्लबच्या मैदानाची देखभाल करणारा नोकर म्हणून आत शिरला, आणि संघात आल्यावरही त्याला चहा बाहेर, वेगळ्या भांड्यात मिळायचा. तेव्हा लीलाची गोष्ट पैशाची, जातीची, मुंबईच्या वरच्या थराची आहे, हे मला पुरेपूर माहीत आहे.

माझा मुद्दा तोच आहे. तिच्याकडे सगळं होतं, म्हणूनच तिच्या गोष्टीत नेमकं काय काय लागतं त्याची यादी स्वच्छ वाचता येते. गरिबीच्या गोष्टीत ती यादी अश्रूंमागे झाकली जाते.

त्या यादीतली एक ओळ मला सगळ्यांत जास्त डाचते. लीला राव विम्बल्डनला जिंकली तेव्हा बावीस वर्षांची होती, अविवाहित. तिचं लग्न झालं १९४३ साली, हरीश्वर दयाळ या सनदी अधिकाऱ्याशी. तेव्हा तिने तिशी ओलांडली होती. काळ कोणता? शारदा कायदा १९३० मध्ये लागू झाला आणि त्यात मुलीच्या लग्नाचं किमान वय ठरलं चौदा. ते चौदाही फार होतंय म्हणून देशभर ओरड झाली. त्या देशात एका मुलीला विशीतली सगळी वर्षं स्वतःसाठी मिळाली. सराव, स्पर्धा, इंग्लंडचा बोटीचा लांबलचक प्रवास, हरणं, परत येऊन पुन्हा सराव. हे सगळं त्या वर्षांत बसलं.

खेळ संपल्यावरही ती संपली नाही. भारतीय नृत्यावर तिने ग्रंथ लिहिले, आईच्या कथांवरून संस्कृत नाटकं लिहिली. नवरा पुढे नेपाळमध्ये भारताचा राजदूत होता. आयुष्याला अशी दुसरी, तिसरी खेळी मिळते, कारण पहिली अर्ध्यात मोडलेली नसते.

आता माझ्या जिल्ह्यात येऊ.

मी बीडचा. धारूर तालुक्यातलं गाव, पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी. शाळेत आमच्या वर्गात एक मुलगी होती, खो-खोत तिला बाद करणं कुणाला जमायचं नाही. खांबाला हात लावून ती अशी वळायची की मागचा थेट मातीत जायचा. नववीत असताना दिवाळीनंतर टोळी निघाली, ती आईबापाबरोबर कारखान्यावर गेली. उन्हाळ्यात परत आली ती शाळेत आलीच नाही. गळ्यात मंगळसूत्र होतं. तिच्यात जिद्द कमी होती असं कुणाला म्हणायचं असेल, तर त्याने माझ्यासमोर येऊन म्हणावं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी हिशेब सांगतो. ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. एकटा पोरगा म्हणजे अर्धा कोयता. त्याचं लग्न लावलं की कोयता पूर्ण होतो, उचल पूर्ण मिळते. दुसऱ्या बाजूला मुलीचे आईबाप सहा महिने परगावी जाणार, वयात आलेली पोर मागे कुणाच्या भरवशावर ठेवायची? म्हणून तिचंही उरकून टाकायचं. यात कुणी राक्षस नाही. सरळ व्यवहार आहे, आणि मुलीची वर्षं या व्यवहारातलं चलन आहे.

आकडेही बघा. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे मुली होत्या ८०७. राज्यात सगळ्यांत कमी. म्हणजे कित्येकींची मॅच जन्माआधीच रद्द. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या चाळीस टक्क्यांहून जास्त बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. लीला रावने जी वर्षं कोर्टवर घालवली, त्या वर्षांत आमच्या मुली फडात मोळ्या बांधतात आणि अंगावरचं पोर बांधावर झोपवतात.

इथे कुणीतरी हमखास म्हणतं, ‘अरे पण अविनाश साबळे बघ ना, तो बीडचाच आहे!’

बघतो की. आष्टी तालुक्यातलं मांडवा. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसचं रौप्य, सुवर्ण हुकलं ते सेकंदाच्या पाच शतांशाने. १९९८ पासून या शर्यतीची तिन्ही पदकं केनियाचे धावपटू घेऊन जात होते, तो पायंडा याने मोडला. २०२३ ला आशियाई स्पर्धेत सुवर्ण, २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकची अंतिम फेरी. त्याचा मला अभिमान आहे, आणि म्हणूनच त्याची गोष्ट अर्धी सांगितलेली मला चालत नाही. रीलमध्ये तो शाळेपर्यंत धावत जाणारा मुलगा असतो आणि पुढच्याच सेकंदाला पदक. मधली वर्षं कुठे गेली? बारावीनंतर तो सैन्यात गेला, महार रेजिमेंटमध्ये. शर्यतीत धावायला त्याने सुरुवात केली ती सैन्यात. तिथे खाणं मिळालं, अमरीश कुमारांसारखे प्रशिक्षक मिळाले, दरमहा पगार मिळाला आणि धावणं हेच काम म्हणून करायची मुभा मिळाली. लीला रावला जे घराने दिलं, ते साबळेला सैन्याने दिलं. दोघांनाही कुणीतरी दिलं.

माझ्या वर्गातल्या मुलीला कोण देणार होतं? भरतीच्या मैदानावर पहाटे पळणाऱ्या पोरांची गर्दी आमच्याकडे रोज दिसते. मुलींसाठी ते दार अजूनही किलकिलंच आहे.

आमच्या कामात एक साधा नियम आहे. हजार वेळा चालवलेला प्रोग्रॅम एकदाच नीट चालला, तर त्या एका वेळेचा स्क्रीनशॉट दाखवून ‘सिस्टीम उत्तम आहे’ असं कुणी म्हणत नाही. म्हटलं तर दुसऱ्या दिवशी नोकरी जाईल. उरलेल्या नऊशे नव्याण्णव वेळा तो का पडला, हे शोधायचं असतं. जिल्ह्याच्या बाबतीत मात्र आपण बरोबर उलटं करतो. एक साबळे फ्रेम करून भिंतीवर लावतो आणि पडलेल्यांना सांगतो, तुमची जिद्द कमी पडली.

‘मग आता गावोगाव टेनिस कोर्ट बांधायची का?’ असं खवचटपणे विचाराल. बांधली तर माझी हरकत नाही. पण माझी मागणी त्याहून साधी आहे. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी राज्य सरकारने २०२१ मध्ये संत भगवानबाबा वसतिगृह योजना आणली. आईबाप कारखान्यावर आणि मुलगी वसतिगृहात राहिली, तर तिच्या लग्नाची घाई करण्याचं निम्मं कारण तिथेच गळून पडतं. म्हणून मुलींचं वसतिगृह ही माझ्या लेखी जिल्ह्यातली सगळ्यांत महत्त्वाची क्रीडा योजना आहे, सरकारी कागदावर ती कोणत्याही खात्यात असो. तिथे खो-खोचे दोन खांब रोवा, शिकवणारी एक बाई पगारावर नेमा, संध्याकाळच्या ताटात अंडं वाढा. त्यातून एखादी विम्बल्डनला जाईलच असं नाही. सगळ्याच मुली कुठे चॅम्पियन होतात? पण अठरा, वीस, बावीस ही वयं तिची स्वतःची राहतील. ती कशात घालवायची ते तिचं ती ठरवेल. लीला रावने टेनिस, नृत्य आणि संस्कृत निवडलं.

तेव्हा पुढच्या वेळी कुणा पुढाऱ्याने पदकवाल्या पोराबरोबरचा फोटो टाकला, की खाली टाळ्यांचं चिन्ह टाकू नका. विचारा : आपल्या तालुक्यात मुलींचं वसतिगृह कुठे आहे, जागा किती, मैदान आहे का? आणि हे दसऱ्याच्या आत विचारा. दिवाळी झाली की टोळ्या निघतात, आणि ट्रॅक्टरमध्ये बसलेल्या मुलीला त्या उत्तराचा उपयोग नसतो.